अंबागडावरून समुद्र कसा पाहावा
(नवशिक्यांसाठी)

भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही. ही माहिती सुरुवातीलाच दिलेली बरी; अर्धा गड चढून झाल्यावर कळली तर माणसं चिडतात. समुद्रच हवा असेल तर भंडारा रोड स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सुमारे नऊशे किलोमीटरनंतर मुंबईत तो लागतो. (हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तुमसर रोडही तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. आमच्याकडे स्टेशनच्या नावात 'रोड' आला की गावापर्यंतचा रोड प्रवाशाने स्वतः शोधायचा असतो.)

तरी समुद्राचा विषय काढावाच लागतो. कारण उंचावरून खाली पाहायचं कसं, हे आपल्याला समुद्रकाठच्या शहरांनी शिकवलं आहे. फोटो स्टुडिओच्या पडद्यावर, कॅलेंडरवर, सिनेमाच्या गाण्यात एकच टेकडी असते: वर लोखंडी कठडा, कठड्याला रेललेलं जोडपं, खाली वळत गेलेला किनारा, पांढऱ्या इमारती, दोन-चार नारळ आणि मग नजर पोचेल तिथवर निळं पाणी. हे चित्र डोक्यात घेऊन आमचा नवशिका तुमसरजवळच्या अंबागडावर चढतो, चहूकडे पाहतो आणि म्हणतो, "इथं काय हाय बे?" ही मार्गदर्शिका त्याच्यासाठी.

या विषयातले माझ्या ओळखीचे पहिले नवशिके म्हणजे आमचे भाऊजी. तुमसर तालुक्यात त्यांची पाच एकर धानाची शेती. ताईला एकदा मुंबई दाखवायची म्हणून निघाले, सामान उचलायला मी सोबत. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात गेलो, म्हातारीचा बूट पाहिला, मग कठड्याशी जाऊन उभे राहिलो. खाली चौपाटी, मरीन ड्राइव्हची कमान, पलीकडे उंच इमारती. संध्याकाळ होती. दिवे लागत गेले, आणि लोक ज्याला राणीचा हार म्हणतात तो डोळ्यांदेखत एकेक मणी करत ओवला गेला. ताई गप्प झाली. मी गप्प झालो. भाऊजी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बापा बापा! एवढं पानी, अन् एका बांधीच्या कामाचं नाई!"

बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला धानाच्या शेताचा तुकडा. भाऊजींनी अरबी समुद्र बांधीच्या मापाने मोजला आणि नापास केला. त्यांना मनापासून आवडली ती समोरची हँगिंग गार्डन, आणि तीही केव्हा, तर या बागेखाली शहराला पाणी पुरवणारी मोठी टाकी आहे, १८८०च्या दशकात ती बाग टाकीच्या डोक्यावरच केली, हे कोणीतरी सांगितल्यावर. "म्हंजे तलावच हाय, वरून झाकला," असं म्हणून ते पुन्हा एक चक्कर मारून आले. या वेळी ते फुलांकडे नाही, पायाखाली पाहत चालत होते.

मला वाटतं, दृश्य पाहण्याची रीत त्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त कळत होती. पण ते पुढे.

डोंगर निवडणे

आपला जिल्हा बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे डोंगराच्या नावाखाली काय काय खपवलं जातं ते आधी माहीत हवं.

पवनीची जगन्नाथ टेकडी ही टेकडी नाही. १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या हाताखाली तिथे उत्खनन झालं आणि आत प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. शेकडो वर्षं लोक ज्याला टेकडी म्हणत होते ते माणसांनी रचलेलं बांधकाम होतं. तिथे वर चढून लांब पाहू नका. उभं राहून पायाखालचं पाहायची ती जागा आहे. या बाबतीत भाऊजींचा सल्ला घ्यावा.

डोंगरी बुजुर्ग हे नाव ऐकून कोणी फसेल. तिथे मॅंगनीजची उघडी खाण आहे, म्हणजे डोंगर आहे पण उलटा, जमिनीत आत गेलेला. खाणीत पर्यटकाचं काम नाही, कामगाराचं आहे.

रामटेक सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते नागपूर जिल्ह्यात पडतं, आणि तिथून ढगाकडे पाहून जे काही बोलायचं ते कालिदासाने बोलून ठेवलं आहे असं म्हणतात. नवशिक्याने इतक्या वरच्या वर्गात एकदम बसू नये.

पाणी पाहायचीच हौस असेल तर पवनीजवळचं गोसेखुर्द धरण आहे. १९८८च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तेहतीस दरवाजे. पावसाळ्यात 'तेहतीसही दरवाजे उघडले' अशी बातमी आली की नागपूर-भंडाऱ्याच्या गाड्या तिकडे वळतात. समोरचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वारा येतो. नारळ सोडले तर कॅलेंडरातलं सगळं आहे. मात्र तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला 'काय मस्त दिसते ना!' असं म्हणण्यापूर्वी तो कुठला, ते विचारा. त्या पाण्याखाली गावं गेली आहेत, आणि तो माणूस कदाचित तिथलाच असेल.

पहिल्या धड्यासाठी चांदपूर चांगलं. सिहोऱ्याजवळ टेकडीवर हनुमंताचं देऊळ, पायथ्याला मोठा जलाशय, भोवती जंगल. चढ बेताचा. वर वानरं आहेत आणि ती नवशिकी नाहीत. प्रसादाची पिशवी हातात लोंबत ठेवू नये, हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नारळ, केळी आणि त्याच पिशवीत ठेवलेला माझा चष्मा असं तिन्ही घेऊन एक आडदांड वानर पिंपळावर बसलं. केळी खाल्ली, नारळ टाकला, चष्मा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. चांदपूरचं ते सुप्रसिद्ध दृश्य त्या दिवशी माझ्यापेक्षा त्याला नीट दिसलं असावं.

चांदपूर पास झालात की अंबागड.

केव्हा जावे

बहुतेक मंडळी मे महिन्यात जातात, कारण पोरांना सुट्ट्या असतात. पारा पंचेचाळीसला टेकलेला, नवतपा सुरू, दगड तव्यासारखे, आणि खाली सगळा मुलूख भाजलेल्या पापडासारखा. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा घेऊन ही माणसं वर पोचतात, चार फोटो काढतात आणि 'अंबागडात काही नाही' असा अहवाल देतात. अहवाल खरा आहे. तो मे महिन्याचा आहे.

जायचं तर रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत. आषाढ-श्रावणात एखाद्या दिवशी पाऊस सकाळी पडून मोकळा होतो आणि दुपारी ऊन पडतं, तो दिवस धरायचा. वरून पाहिलं तर खाली एकही सरळ रेष नसते. धुरे वाकडे, बांध्या वाकड्या, कोणतीच दुसरीसारखी नाही. जमिनीचा उतार जसा, तसा आजा-पणज्यांनी धुरा टाकला. काही बांध्यांत नुसतं पाणी आणि पाण्यात आभाळ. काहींत चिखलणी चाललेली, ती तांबूस. कोपऱ्यात पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, एक पोपटी चौकोन, इतका गर्द की डोळ्याला टोचावा. आणि जिथे रोवणा चालू आहे तिथे लुगड्यांचे रंगीत ठिपके एका ओळीत. जरा थांबून पाहिलं तर लक्षात येतं की ती ओळ मागे मागे सरकते आहे. बाया रोवत रोवत मागे जातात आणि त्यांच्यापुढे हिरवं उमटत जातं. असा देखावा मलबार हिलवर नाही. तिथे कोणी काम करताना दिसत नाही.

भाद्रपदात गेलात तर सगळं एकसारखं हिरवं, त्यात मजा कमी. आश्विन-कार्तिकात पुन्हा जावं. हलकं धान आधी पिवळं पडतं, भारी धान मागून. त्यामुळे खालचं पान ठिगळाठिगळाने रंग बदलतं, आणि कोणाचं धान कापणीला आलं ते वरून सांगता येतं. दिवाळीनंतर कापलेल्या धानाची पुंजणी रचलेली दिसतात. तोवर गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झालेल्या असतात आणि आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला डोंगर चढायला वेळ नसतो, त्याला रात्रभर नाटक पाहायचं असतं.

साहित्य

पाणी. दुपट्टा. भुईमुगाच्या शेंगा किंवा मुरमुरे, पण वानरांना दिसणार नाहीत असे. काठी घेतली तर चढताना आधार आणि उतरताना रुबाब. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, सोबत घ्या असं मी म्हणणार नाही, घेऊ नका म्हटलं तर ऐकणारं कोणी नाही. त्याच्या प्लास्टिकच्या पन्नीबद्दल शेवटी बोलू.

चढण्याचे तंत्र

तुमसरहून अंबागड बारा-तेरा किलोमीटर. सातपुड्याची ही शेवटची शेपूट, पुढे त्याच रांगेत गायमुखचा महादेव. पायथ्यापासून पायऱ्या आहेत. त्या किती, हे कोणाला विचारू नका. चढणारा एक आकडा सांगतो, उतरणारा दुसरा, आणि दोघांनीही मोजलेल्या नसतात. वरून येणाऱ्याने 'बस, आलंच!' म्हटलं तर समजा अजून निम्मं आहे. तो खोटारडा नसतो. खालून येताना त्यालाही कोणीतरी तसंच सांगितलेलं असतं आणि तो ते देणं फेडतो.

दम लागणं ही नवशिक्याची मोठी अडचण नाही. दम लागलेला बायकोच्या भावाला दिसणं, ही आहे. यावर उपाय झाडं. दम लागला की जवळच्या झाडाशी थांबून गंभीर चेहऱ्याने त्याची साल पाहावी. साल मगरीच्या पाठीसारखी चौकड्यांनी तडकलेली असेल तर तो ऐन. गुळगुळीत, पांढुरकी असेल तर धावडा. हातभर रुंद, खरखरीत पान असेल तर साग, हे आठ वर्षांचं पोरही सांगतं, म्हणून सागापाशी फार वेळ थांबता येत नाही. मोहापाशी हवं तितकं थांबा. मोहाबद्दल प्रत्येकाला काही ना काही बोलायचं असतंच आणि तोवर तुमचा श्वास जागेवर येतो. तेंदूचं पान बिडीला जातं, फळाला आमच्याकडे टेंभरं म्हणतात, ती उन्हाळ्यात पिकतात. भाऊजी या पद्धतीने सात झाडांत गड चढले. वर पोचेपर्यंत लोक त्यांना वनखात्यातले समजू लागले होते.

वर पोचल्यावर

दरवाजा, बुरूज, तटबंदी, आतली पाण्याची जागा हे सगळं पाहून घ्या. गड १७००च्या सुमाराचा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहा, ज्याने नागपूर वसवलं, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. विहिरीजवळ तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच की कैद्यांना इथलं विषारी पाणी पाजून मारत. ही गोष्ट जुनी आहे, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही गेली आहे. सांगणारा ती आवाज खाली आणून सांगतो आणि ऐकणारा लगेच आपल्या बाटलीतलं पाणी पितो.

मला त्या कैद्यांचं वेगळंच वाटतं. जिल्ह्यातला सगळ्यात चांगला देखावा ज्यांच्या वाट्याला आला ते बेड्यांतले होते. रत्नागिरीलाही तेच. तिथे उंचावर थिबा पॉइंट आहे, खाली भाट्याची खाडी आणि समुद्र; लोक मावळतीला कुटुंबासह जातात. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इंग्रजांनी तिथे आणून ठेवला आणि १९१६ साली तो तिथेच मेला. तीस वर्षं समुद्र समोर, आणि त्यातून घरी जायची वाट नाही. कठड्याला रेललेल्या जोडप्याच्या मनात हे येत नाही, येऊही नये. पण खाली उतरायची मुभा नसेल तर कोणताही देखावा दुसऱ्या दिवशी भिंत होतो, एवढं अंबागडाच्या बुरुजावर बसून मला पटलेलं आहे.

असो. आता पाहायचं कसं.

पहिली चूक म्हणजे सूर्यास्ताची वाट पाहणे. ही समुद्रावरून आलेली सवय. समुद्राकडे दुसरं काही दाखवायला नसतं म्हणून तिथे सूर्य बुडवून दाखवतात. आपल्याकडे सूर्य बुडाला की जंगलातून उतरायचं असतं, आणि बिबट त्याच वेळी फिरायला निघतो.

दुसरी चूक, फोन काढणे. फोनच्या डोळ्याला धान आणि गवत सारखंच.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी: 'सगळं' पाहायला जाणे. सगळं कोणालाच दिसत नाही. आपल्या माणसांना पाहा, म्हणजे रीत कळेल. म्हातारी असो, शाळेतली पोरं असोत, नवं जोडपं असो, वर पोचल्यावर दोन मिनिटांत प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो: आपलं गाव कुठं दिसते? मग बोटं निघतात, वाद सुरू होतात. 'ते नाई गा, त्याच्या बाजूचं.' 'तो तलाव दिसला का? त्याच्या पाठीमांगं.'

इथे गाव ओळखायचं ते तलावावरून. उगाच या भागाला तलावांचा जिल्हा म्हणत नाहीत. गावागावाला तलाव, शेतात बोड्या, म्हणजे छोटी तळी. पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, काळात कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी उतार ओळखून तलावांच्या पाळी घातल्या. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. पुण्याहून आलेले एक पाहुणे दिवसभर ऐकत होते आणि संध्याकाळी त्यांनी अदबीने विचारलं, की हे मामा नेमके कोणाचे? वरून हे तलाव थाळीत ठेवलेल्या वाट्यांसारखे दिसतात, आणि प्रत्येक वाटीचा आकार वेगळा. ज्याला आपल्या वाटीचा आकार माहीत आहे त्याला गाव सापडतं. ज्याला नाही, त्याला नुसतं दृश्य दिसतं.

भाऊजींना त्यांचा तलाव अर्ध्या तासाने सापडला. मग त्यांनी घरी धाकट्या भावाला फोन लावला.

"मी अंबागडावर हावो. तुले दिसून रायलो का?"

पलीकडे शांतता. भाऊ बहुधा अंगणात आला असावा. दहा-बारा किलोमीटर अंतर, मध्ये झाडं, वर ढग.

"दिसून रायलास ना!"

"कोनत्या बुरुजावर?"

"उजव्या."

भाऊजी डाव्या बुरुजावर होते. त्यांनी फोन खिशात ठेवला, उठले आणि उजव्या बुरुजावर जाऊन बसले.

समुद्र

शीर्षकात शब्द दिला आहे, तो पाळायला हवा. पावसाच्या दिवशी बुरुजावर उभं राहून पायाशी पाहा. दगडावरून एक धार निघते, उतरणीला लागते, खालच्या ओढ्याला मिळते. ओढ्याचं पाणी वैनगंगेत जातं. वैनगंगा भंडारा, पवनी करत, गोसेखुर्दच्या दरवाजांतून सुटून गडचिरोली-चंद्रपूरच्या मधून खाली जाते आणि वर्ध्याला मिळते. तिथून पुढे तिचं नाव प्राणहिता. प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रात अंतर्वेदीच्या बाजूला बंगालच्या उपसागरात. म्हणजे अंबागडाच्या तटाला समुद्र लागूनच आहे, फक्त थोडा लांबून. मुंबईची गाडी आपण उगाच धरतो. आपलं पाणी कधी त्या बाजूला गेलंच नाही.

मी हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते जरा खट्टू झाले. "म्हंजे आपलं गोडं पानी जाऊन तिकडं खारं होते?" मी म्हटलं, हो. "मंग धुरा उंच करा लागंल," ते म्हणाले, आणि उतरायला लागले.

आता राहिली पन्नी. वर बसून खर्रा घोटलात, खाल्लात, पन्नी बुरुजाच्या फटीत खोचलीत, तर पहिल्या पावसात ती त्याच धारेला लागते आणि ओढा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी या सरळ मार्गाने निघते. अंतर्वेदीला समुद्र पाहायला आलेल्या माणसांना भंडाऱ्याची ओळख तिने होऊ नये. पन्नी खिशात घाला. खिसा फाटका असेल तर आधी शिवून या, मग गड चढा.